काळ्या मखमलीची चार बटणे

माझ्या मधोमध, गुडघ्याच्या उंचीवर, एक गोल भोक आहे. त्या भोकाला झाकण आहे आणि झाकणाला हाडाची चार बटणे आहेत. असा स्कर्ट तुम्ही कुठे पाहिला नसेल, मित्रांनो, आणि पाहिला असेल तर तो मीच. वय झाले, काठ झिजले, मखमलीची लव ठिकठिकाणी बसली. तरी लॉस एंजेलिस शहरात एके काळी बायका ज्या डोळ्यांवर जीव ओवाळून टाकत ते काळेभोर डोळे कुणी घडवले, असे कुणी विचारले तर मी आढेवेढे घेत नाही. मी घडवले.

पण आधी जन्माचे सांगतो. कनेक्टिकटच्या एका गिरणीत मी विणला गेलो आणि ताग्यात गुंडाळून आगगाडीने इकडे आलो. शेजारचे तागे लाल, हिरवे होते. त्यांना वाटे आपण नाचाला जाणार. मला कुठे जायचे ते रंगावरूनच ठरलेले होते. १९०९ च्या मार्च महिन्यात लॅविनिया टटल नावाच्या बाई दुकानात आल्या, त्यांनी माझ्यावरून हात फिरवला आणि नऊ वार कापड घेतले. त्यांचे यजमान अमोस टटल नऊ तारखेला वारले होते. छातीच्या दुखण्याला इथले ऊन मानवेल म्हणून दोघे आयोवाहून आले होते. ऊन मानवले नाही.

बाईंनी मला दोन दिवसांत पायमशीनवर शिवले. वर्षभर त्यांनी मला अंगावरून उतरवले नाही. पुढे मी पेटीत गेलो, कापराच्या वड्यांसोबत. दरवर्षी फक्त नऊ मार्चला मी बाहेर निघे. बाई मला नेसून ट्रामने दफनभूमीत जात, अमोसच्या थडग्यापाशी तासभर बसत आणि परत येत. मित्रांनो, माझे बालपण असे रडण्यात आणि कापरात गेले. मला वाटे, आपले आयुष्य एवढेच.

टटलबाईंनी पोटासाठी घरातल्या खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. दारावर पाटी होती : 'सिनेमावाले आणि कुत्री यांना येथे जागा मिळणार नाही.' तशा पाट्या तेव्हा गल्लीगल्लीत होत्या. आयोवाकडची चर्चला जाणारी माणसे ती. त्यांच्या मते सिनेमावाले म्हणजे तोंडाला पिवळा रंग फासून भर रस्त्यात एकमेकांच्या मागे धावणारी, बँक लुटल्याचे सोंग करून खऱ्या गिऱ्हाइकांना घाबरवणारी जमात. टटलबाई तर सिनेमाचे नाव काढले तरी खिडकी लावून घेत.

अशा घरात हाल्वर स्टेन्सरूड राहायला आला. उत्तर डाकोटातल्या नॉर्वेजियन शेतकऱ्याचा मुलगा, चोवीस वर्षांचा, दारातून आत येताना वाकावे लागेल इतका उंच. "मी हार्डवेअरच्या दुकानात कामाला आहे," असे त्याने बाईंना सांगितले आणि कान लाल होईपर्यंत लाजला. बाईंना वाटले, पोरगा सरळ आहे. खरे तर तो शहरातल्या ईडनडेल भागातल्या एका लहानशा सिनेमा कंपनीत आठवड्याच्या बोलीवर लागला होता. वडिलांनी त्याला मुदत दिली होती, गव्हाच्या पेरणीपर्यंत. तोवर जम बसला तर राहा, नाहीतर निमूट नांगर धर.

जम बसत नव्हता. अभिनय त्याला येत होता, मित्रांनो. आडवे आले ते त्याचे डोळे. ते इतके फिकट निळे होते की तेव्हाच्या फिल्मला दिसतच नसत. त्या फिल्मची तऱ्हाच न्यारी होती. लाल रंग तिला काळा दिसे आणि निळा रंग पांढरा. आभाळ पांढरे, समुद्र पांढरा आणि हाल्वरचे डोळेही पांढरे. एका चित्रपटात तो मरणाऱ्या आईचा निरोप घेत होता, आणि तिकीट काढून आलेली माणसे खो खो हसली.

मार्च १९१३, गुरुवार. दिग्दर्शक बर्डसॉलसाहेबांनी फिल्मचे नवे तुकडे पडद्यावर पाहिले आणि तोंडाला भोंगा न लावता भोंग्याच्या आवाजात ओरडले, "हे काय आहे? हा मुलगा आईकडे बघतोय की दोन सोललेली अंडी आईला दाखवतोय? शनिवारी पगार घे आणि गाडी पकड, बाबा. तू चांगला आहेस, पण तुझे डोळे उत्तर डाकोटातच राहिलेत."

कॅमेरा चालवणारा गस झेलर हा अर्धे आयुष्य फोटोच्या दुकानात काढलेला, तिरसट पण हुशार गृहस्थ होता. त्याने हाल्वरला बाजूला घेतले.

"लेका, रडू नकोस, रंग उतरेल. काळी मखमल आण कुठूनतरी. चांगली दोन हात रुंद. कॅमेऱ्याभोवती लावतो. तू तिच्यात बघायचं. काळं बघितलं की बुबुळ मोठं होतं, आणि डोळ्यात छाया पण काळीच पडते. फोटोवाल्यांची जुनी युक्ती आहे."

"कंपनीकडे नाहीये?"

"कंपनीकडे राणीचा झगा आहे. जांभळा. आणि त्यात मांजर व्यालीय."

हाल्वर चार दुकाने फिरला. खऱ्या मखमलीची किंमत ऐकून चारही दुकानांतून हात हलवत परतला. आणि शुक्रवारी सकाळी, मित्रांनो, तो मागच्या अंगणात तोंड धुवायला आला तेव्हा लिंबाच्या झाडाखाली दोरीवर मी वाळत होतो. रविवारी नऊ मार्च होता. कापराचा वास जावा म्हणून बाईंनी मला ऊन दाखवायला घातले होते आणि त्या चर्चच्या शिवणमंडळाला गेल्या होत्या.

तो माझ्यापुढे बराच वेळ उभा राहिला. त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला, असे तीनदा. मग मला वर्तमानपत्रात गुंडाळत तो पुटपुटला, "संध्याकाळच्या आत परत ठेवतो. देवाशपथ." ती चोरी होती, हे मी झाकून ठेवणार नाही. पण चोरताना माझी घडी इतकी नीट कुणी घातली नसती.

त्या दिवशी मी पहिल्यांदा सिनेमा पाहिला. उघड्यावर लाकडी फळ्यांचा मंच, तीनच भिंतींचे घर, वरून ऊन गाळायला पांढरे कापड ताणलेले. गसने मला फळीवर पसरले, डोळे बारीक करून मापे घेतली आणि कुणाला काही कळायच्या आत खिशातून कात्री काढली. कच्च!

"गस!" हाल्वर किंचाळला. "काय केलंस हे?"

"काय केलं म्हणजे? भिंग बाहेर कुठून काढू? मधोमध भोक नको?"

"तो स्कर्ट आहे! माझ्या घरमालकिणीचा! नवऱ्याच्या दुखवट्याचा!"

गसच्या हातात माझा गोल तुकडा तसाच राहिला. सिनेमाच्या लोकांची ही खोडच होती. आवारात दिसेल ते सगळे कंपनीचे, असे धरून कापायचे, रंगवायचे, पेटवायचे. शेवटी तो हळूच म्हणाला, "मग आता निदान फुकट तरी जाऊ देऊ नकोस."

मला कॅमेऱ्याभोवती टांगले. हाल्वर समोर उभा राहिला. त्याने माझ्याकडे पाहिले आणि त्याच्या डोळ्यांसमोर टटलबाई आल्या असाव्यात, कारण निरोप, शरम, माया, सगळे एकदमच त्याच्या चेहऱ्यावर उतरले. बर्डसॉलसाहेब तोंडातली सिगार चावायची विसरले. मी चार वर्षे रडणे जवळून पाहिले होते, त्यामुळे खरे कुठले आणि खोटे कुठले हे मला समजते. ते खरे होते.

संध्याकाळी बाई दारातच उभ्या होत्या. दोरी रिकामी पाहून त्यांनी अख्खी गल्ली पालथी घातली होती. हाल्वरने वर्तमानपत्राचे गाठोडे पुढे केले. त्याच्या कानामागे पिवळ्या रंगाचा पट्टा राहून गेला होता. बाईंनी आधी तो पट्टा पाहिला, मग मला उलगडले, आणि भोकातून पलीकडची पाटी दिसली तेव्हा त्या मटकन पायरीवर बसल्या.

"हार्डवेअर म्हणाला होतात तुम्ही."

"कधी कधी खिळे ठोकतो मी तिथे. खोटं नाही..."

"मिस्टर स्टेन्सरूड, तोंड बंद! परवा अमोसकडे जायचंय मला. काय नेसून जाऊ? ही खिडकी नेसून?"

"मी भरून देईन. नवा घेऊन देईन."

"नवा?" बाईंचा आवाज चिरकला. "नव्यात काय आहे हो? नव्यात मी एक दिवस तरी रडलेय का?"

 सोमवारी खोली खाली करा, एवढे सांगून बाई आत गेल्या. जेवणाच्या टेबलावर त्याच्या ताटात त्यांनी उकडलेले मांस नेहमीइतकेच वाढले, पण मक्याचा पाव वाढला नाही. त्या घरात तो मोठा अपमान होता.

शनिवारी बाईंनी माझ्या काठाच्या आतल्या पट्टीतून गोल तुकडा कापला आणि भोकाला ठिगळ लावले. रविवारी आम्ही अमोसकडे गेलो. बाई रडल्या नाहीत, सबंध तास ठिगळावर हात ठेवून बसल्या. मला फार वाईट वाटले. चूक माझी नव्हती, तरी वाटले.

सोमवारी सकाळी हाल्वर पेटी घेऊन दारात आला. शनिवारी तुकडे पाहून साहेबांनी त्याला वर्षभराच्या करारावर घेतले होते, पण ही आनंदाची बातमी सांगायला त्याच्याकडे माणूस नव्हते. बाई टोपी घालून तयार होत्या.

"कुठे निघालात, मिसेस टटल?"

"तुमच्याबरोबर. माझ्या स्कर्टला कशापायी भोक पाडलंत, ते मला बघायचंय. एकदा बघते आणि मग तुमचं तोंड बघणार नाही."

त्यांनी मला हातावर घेतले. कंपनीच्या आवारात काळी टोपी घातलेली आयोवाची विधवा शिरली तेव्हा दोन खोटे पोलीस आणि एक दरोडेखोर अदबीने उठून उभे राहिले. गसने पडद्याच्या खोलीत त्यांना एकुलती एक धड खुर्ची दिली आणि यंत्र फिरवले.

पडद्यावर हाल्वरचा चेहरा आला. डोळे काळेभोर, खोल, भरून आलेले. तो टक लावून बघत राहिला आणि डोळ्यांतून पाणी खाली आले. बाई पुढे वाकल्या.

"कुणाकडे बघताय तुम्ही?"

"गोष्टीत आई आहे, बाई."

"गोष्टीत नाही. तिथे. खरोखर समोर कोण होतं?"

हाल्वरची मान खाली गेली. "तुमचा स्कर्ट होता."

 गसने न विचारता तो तुकडा पुन्हा लावला आणि बाईंनी तो पुन्हा पाहिला. मग त्या माझ्यावरून हात फिरवत, कुणालाच उद्देशून नाही अशा बोलल्या, "अमोससाठी शिवला मी हा. पण अमोसने हा कधी बघितलाच नाही. तो गेल्यावरच शिवतात ना असलं. चार वर्षं नेसतेय आणि ज्याच्यासाठी नेसतेय त्याने एकदा बघितलेला नाही." त्यांनी नाक पुसले. "कुणीतरी बघितला. बरं झालं."

मित्रांनो, तेव्हा माझ्या जिवावरचा केवढा तरी भार उतरला. मला स्वतःलाही तोवर हे सुचले नव्हते.

ट्राममधून परत येताना बाईंनी अटी घातल्या. चर्चमधल्या कुणाला एक अक्षर सांगायचे नाही. पाटी दारावर तशीच राहील, तिच्याकडे हाल्वरने दुर्लक्ष करावे. आणि मी उसना दिलेला आहे, कायमचा दिलेला नाही. दरवर्षी नऊ मार्चला सकाळी दहाच्या आत मी घरी हवा.

"विसरलात तर?"

"विसरणार नाही, मिसेस टटल."

"बघू. तुम्ही सिनेमावाले."

घरी आल्यावर बाईंनी ठिगळ उसवले, त्याला किनार घातली आणि अमोसच्या जुन्या जाकिटाची चार बटणे काढून त्याला लावली. मागची शिवण सोडून तिथे हूक बसवले. आता मला उघडून पसरले आणि झाकण काढले की मी कॅमेऱ्याचा पडदा, आणि हूक, बटणे लावली की बाईंचा दुखवट्याचा स्कर्ट. त्या जेवणाला हाल्वरच्या ताटात मक्याच्या पावाचे दोन तुकडे होते.

मग आमचे दिवस आले. हाल्वर शेरीफ झाला, खेड्यातला डॉक्टर झाला, दीपगृहाचा राखणदार झाला, देवाला विसरलेला पाद्री झाला. लोकांना वाटे तो नायिकेकडे बघतोय, समुद्राकडे बघतोय, देवाकडे बघतोय. तो दर वेळी माझ्याकडेच बघत असे. खऱ्या नायिका त्या वेळी सावलीत बसून सँडविच खात. मला त्याने चाळीस वेळा प्रेमाची मागणी घातली असेल. मी एका प्रतिष्ठित विधवेच्या घरचा, मला सुरुवातीला फार संकोच वाटे.

पत्रे पोत्याने येत. सगळ्यांत एकच, तुमचे काळे डोळे! एकदा ओहायोहून एक बाई त्याला भेटायला फाटकापाशी आली. हाल्वर हसत बाहेर गेला. तिने त्याला खालपासून वर न्याहाळले आणि म्हणाली, "फसवू नका हं मला. तुम्ही त्यांचे भाऊबिऊ असाल. त्यांना बोलवा." तो मुकाट्याने आत आला, पाच मिनिटे थांबला आणि बाहेर जाऊन म्हणाला, "ते घरी गेले, बाई." दिवसभर आवार हसत होते. हाल्वरही हसला, पण थोडेच.

दर नऊ मार्चला तो स्वतः मला घेऊन येई. पुढे त्याने टेकडीवर घर घेतले, मोटार घेतली, तरी त्या दिवशी तो ट्रामने येई, कारण बाईंना मोटारीत मळमळे. बाई मला नेसत, तो छत्री धरी. आठ वर्षे अशी गेली. बाई आता त्याला अरेतुरे करत. पाटीवरून 'आणि कुत्री' हे शब्द पुसले गेले होते, कारण त्यांनी एक कुत्रे पाळले होते.

नवव्या वर्षी कंपनी बर्फाच्या डोंगरात गेली होती. नऊ मार्च आला आणि गेला. मी गसच्या पेटीत होतो. मला तारीख माहीत होती, पण मला कोण विचारणार? चार दिवसांनी हाल्वरच्या ध्यानात आले. त्याने ड्रायव्हरबरोबर शंभर गुलाब पाठवले आणि मला पाठवायचे राहून गेले. बाईंनी त्या वर्षी तपकिरी नेसले, असे त्याच ड्रायव्हरने नंतर सांगितले. हाल्वरला शरम वाटली. शरम वाटली म्हणून तो भेटायला गेला नाही, आणि गेला नाही म्हणून शरम आणखी वाढली. माणसे असे का करतात, हे कापडाला कळत नाही. पुढच्या वर्षीही मी पेटीतच राहिलो. मग ते नेहमीचेच झाले.

काही वर्षांनी नवी फिल्म आली. तिला निळे निळ्यासारखेच दिसे. गसने पहिला तुकडा पाहिला, मला कॅमेऱ्यावरून काढले आणि घडी न घालता बाजूला टाकले. "संपलं तुझं काम, म्हाताऱ्या," तो म्हणाला. मी सामानाच्या कोठारात गेलो. तिथे मी पेंढा भरलेल्या अस्वलाचे अंथरूण झालो, भुताची झूल झालो, एका सर्कसच्या चित्रपटात तर हत्तीच्या पायाखाली आलो. उंदरांनी एक कोपरा नेला. चार बटणांवर मात्र कुणी दात लावला नाही.

आणि हाल्वर? नव्या फिल्मने त्याचे खरे डोळे दाखवले, आणि खऱ्या डोळ्यांचा हाल्वर लोकांना ओळखूच येईना. "याचं काहीतरी हरवलंय," असे लोक म्हणत. हळूहळू पत्रे थांबली. मोठी कामे गेली, लहान आली. दार उघडणारा नोकर, निकाल वाचणारा न्यायाधीश, गर्दीतला तिसरा. टेकडीवरचे घर गेले, मोटार गेली. ही हकिकत मला पुढे त्याच्याच तोंडून कळली. तो ती हसत हसत सांगे.

१९३१ च्या फेब्रुवारीत तो एक पेटी घेऊन टटलबाईंच्या दारात उभा राहिला. पाटी निघून गेली होती, खिळ्यांच्या खुणा तेवढ्या होत्या. बाई पंच्याहत्तरीला टेकल्या होत्या, हातात काठी होती.

"तुझी खोली रिकामी आहे," त्या म्हणाल्या. "वर जा. पेटी खाली ठेव आधी, धापा टाकतोयस. आणि माझा स्कर्ट कुठाय?"

त्याच्यापाशी मी नव्हतो. बाई रागावल्या नाहीत, आणि त्यानेच तो जास्त खचला. त्या एवढेच म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात पुढच्या वर्षी मी ट्राम चढणार नाही. यंदा एकदा त्यातच जायचं होतं रे अमोसकडे. नसेल तर राहू दे."

हाल्वर गसला शोधत गेला. गस तोवर म्हातारा होऊन त्याच कोठाराची राखण करत होता. कंपनी बुडाली होती. सामान विकले जात होते आणि सगळे कापड एका चिंध्यांच्या व्यापाऱ्याने उक्ते घेतले होते. सोमवारी नऊ मार्च होता, आणि शनिवारी व्यापाऱ्याची माणसे कोठारात बसून कापडाचे चौकोनी तुकडे करत होती. ते मोटारी पुसायला विकले जात.

मी ढिगाच्या तळाशी होतो, मित्रांनो. वर कात्र्या चालल्याचा आवाज येत होता आणि ढीग कमी कमी होत होता. मला पहिली कच्च आठवली. तेव्हा जेवढे दुखले नव्हते तेवढी भीती आता वाटत होती. मोटारी पुसण्याची मला लाज नव्हती. पण मी उसना होतो. उसन्या वस्तूला परत गेल्याशिवाय मरता येत नाही, असे मला वाटे.

तेवढ्यात ओळखीचा आवाज आला. "थांबा! जरा थांबा, महाराज!"

"काय हवंय, काका?"

"काळी मखमल. एक स्कर्ट आहे."

व्यापारी हसला. "काळं? हे बघा, अर्धा ढीग काळाच आहे. झूल, पडदे, कोट, शवपेटीची अस्तरं. तुमचा कुठला ते सांगा, पाच मिनिटं देतो."

हाल्वर गुडघ्यांवर बसला. एकेक काळे कापड उजेडात धरून बघू लागला. माझ्यावरून त्याची नजर दोनदा गेली! तेरा वर्षे ज्याने माझ्याशिवाय दुसरे काही पाहिले नाही, त्याला मी ओळखू आलो नाही. धुळीने आणि हत्तीने माझे रूपच नेले होते. मागून गस ओरडला, "डोळ्यांनी काय शोधतोस, लेका! तुझ्या डोळ्यांनी कधी कुणाचं भलं झालंय? हात घाल!"

हाल्वरने डोळे मिटले आणि दोन्ही हात कोपरापर्यंत ढिगात खुपसले. वरच्या थरातून, मधल्या थरातून हात चाचपत खाली आले. मग एक बोट माझ्या झाकणावर आले, थांबले, आणि पुढे सरकले. एक बटण. दुसरे. तिसरे. चौथे.

तो हसला की रडला, मला खरेच सांगता येणार नाही, कारण त्याने मला तोंडावर दाबून धरले होते. व्यापारी म्हणाला, "न्या हो, न्या. त्यात काही धड उरलेलंच नाही." हे ऐकून मला अजिबात राग आला नाही. उलट इतके हलके मला ताग्यात असतानाही वाटले नव्हते.

रविवारी हाल्वरने मला स्वतः धुतले, लिंबाच्या झाडाखाली वाळवले आणि उंदरांचा कोपरा टाके घालून बंद केला. त्याचे टाके शेतकऱ्याचे होते, गोणी शिवल्यासारखे. सोमवारी सकाळी पावणेदहाला त्याने मला बाईंच्या हातात ठेवले. बाईंनी आधी घड्याळ पाहिले.

"पंधरा मिनिटं आधी," त्या म्हणाल्या. "आणि नऊ वर्षं उशिरा."

"हो, बाई."

"टाके कुणी घातलेत हे?"

"मी."

"दिसतंय." पण त्यांनी ते उसवले नाहीत. मी त्यांना आता कमरेत सैल होत होतो, म्हणून त्यांनी दोन पिना लावल्या.

अमोसपाशी त्या नेहमीप्रमाणे तासभर बसल्या. निघताना काठी टेकून उठल्या, थडग्याच्या दगडापाशी ताठ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हाल्वर, बघ जरा. तेव्हा बघायचास तसं. अमोसच्या बाजूने बघ."

कॅमेरा नव्हता, भोंगा नव्हता, पिवळा रंग नव्हता. चाळिशी ओलांडलेला, काम नसलेला नट दगडाशेजारी उभा राहिला आणि त्याने माझ्याकडे पाहिले. डोळे तसेच काळे, तसेच भरलेले. त्याचे एवढे चांगले काम कोणत्याही फिल्मवर नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण प्रत्येक वेळी समोर मीच होतो. बाईंनी मान हलवली. "बघितलं त्याने," त्या म्हणाल्या. "चल आता, ट्राम चुकेल."

हाल्वरने नजर माझ्यावरून उचलून त्यांच्या चेहऱ्याकडे नेली, आणि तेव्हा मी चकित झालो. त्याचे डोळे निळे होते! सगळे म्हणत होते, पण मला काय माहीत? माझ्याकडे बघताना ते नेहमी काळेच होत. इतकी वर्षे लोकांपासून मी जो रंग झाकला, तो मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. चांगला रंग होता तो. झाकण्यासारखे त्यात काही नव्हते.

टटलबाई डॉक्टरांना खोटे पाडून आणखी दोनदा ट्राम चढल्या. हे जग सोडताना त्या मला हाल्वरच्या नावे ठेवून गेल्या आणि त्यांच्या चिठ्ठीत लिहिले होते, 'आता हा उसना नाही.' हाल्वर अजून त्याच घरात राहतो, खोल्या भाड्याने देतो. सिनेमावाल्यांना आणि कुत्र्यांना आधी देतो. नऊ मार्चला तो मला हातावर घेऊन दोघांकडे जाऊन येतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाची तरी वस्तू असेल, नंतर देऊ म्हणून राहून गेलेली. शरमेने ती लपवू नका. तिला ऊन दाखवा, उसवले असेल तर वाकड्या टाक्यांनी का होईना शिवा, आणि घेऊन जा. उशीर झालाय म्हणून दार लागत नाही, हे मी नऊ वर्षे उशिरा पोहोचून पाहिले आहे. आता हाल्वर वर येईल. माझी चारही बटणे नीट लागली आहेत का, हे तो झोपण्याआधी रोज बोटांनी मोजतो, डोळे मिटून.